विद्यापीठीय नवोन्मेष आणि कार्यसंस्कृती : म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयाच्या निमित्ताने

१.

म्हैसूर शहराच्या जुन्या विभागांची नावे 'मोहल्ला' या पदाने संपतात. देवराज मोहल्ला, कृष्णराज मोहल्ला, मंडी मोहल्ला, नजरबाद मोहल्ला आणि राजवाड्याच्या उत्तरेस, अशोक रस्त्यालगत पसरलेला लष्कर मोहल्ला ही त्यांपैकी काही. 'लष्कर' हे नाव मराठी वाचकास परके नाही. पुण्याच्या छावणीच्या भागास आजही लष्कर म्हणतात. दौलतराव शिंदे यांच्या तळाभोवती वाढलेल्या ग्वाल्हेरच्या वस्तीचेही तेच नाव आहे. फार्सीतून आलेल्या या शब्दाच्या अर्थाला दोन बाजू आहेत. लष्कर म्हणजे अधिकाराची उतरंड : कोणी कोणास आज्ञा द्यावी आणि कोणी ती पाळावी याची पक्की व्यवस्था. पण लष्कर म्हणजे तळही. निरनिराळ्या प्रांतांतून आलेली, निरनिराळ्या भाषा बोलणारी माणसे तेथे एकत्र राहतात आणि त्या सहवासातून नवी बोलीही जन्मास येते. 'उर्दू' या शब्दाचा मूळ अर्थ 'छावणी' असाच आहे. लष्कर मोहल्ल्यात कन्नड, दखनी उर्दू आणि तमिळ या भाषा शेजारी शेजारी नांदतात, त्या या दुसऱ्या अर्थाची साक्ष देतात.

विद्यापीठ ही संस्थादेखील या दोन्ही अर्थांनी छावणी असते. कुलगुरूंपासून शिपायांपर्यंत तेथे श्रेणी असते. आणि भिन्न विद्या, भिन्न भाषा व भिन्न लिप्या जाणणाऱ्या माणसांचा सहवासही असतो. यांपैकी कोणती बाजू वरचढ ठरते, यावर त्या संस्थेत काही नवे घडते की नाही हे बव्हंशी अवलंबून असते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयाचे उदाहरण प्रमुख मानले असून पुण्यातील दोन संशोधनप्रकल्पांशी त्याची तुलना केली आहे.

२.

प्रथम संज्ञांचा विचार करू. कामात माणसाचे मन गुंतणे ही कल्पना व्यवस्थापनशास्त्रात रूढ झाली ती विल्यम कान यांच्या १९९० च्या निबंधामुळे. उन्हाळी शिबिरातील मार्गदर्शक आणि वास्तुरचनाकारांच्या कार्यालयातील कर्मचारी यांचे निरीक्षण करून कान यांनी तीन अटी सांगितल्या. काम सार्थ वाटले पाहिजे. कामात स्वतःला प्रकट केल्यास अपमान वा अपाय होणार नाही अशी निर्भयता हवी. आणि त्यासाठी लागणारे शारीरिक व मानसिक बळ माणसापाशी शिल्लक असले पाहिजे. या अवस्थेला मराठीत 'संलग्नता' म्हणण्याचा मोह होतो. परंतु विद्यापीठीय मराठीत 'संलग्न' हे विशेषण महाविद्यालयांनी आधीच अडवून ठेवले आहे, आणि तेथे त्याचा अर्थ केवळ प्रशासकीय जोडणी एवढाच उरला आहे. म्हणून येथे 'गुंतलेपण' हा साधा शब्द योजला आहे.

'कार्यसंस्कृती'च्या बाबतीत एडगर शाइन यांनी १९८५ मध्ये केलेली मांडणी उपयुक्त आहे. संस्थेच्या संस्कृतीचे तीन थर त्यांनी मानले : डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तू व रीती, उघडपणे सांगितलेली मूल्ये, आणि कोणी न बोलता सर्वांनी गृहीत धरलेल्या समजुती. यांतील तिसरा थर निर्णायक असतो. वाचन हे कोणाचे काम आणि नोंद करणे हे कोणाचे, ही अशीच एक न बोललेली समजूत होय.

'नवोन्मेष' ही संज्ञा मात्र साहित्याच्या अभ्यासकाला थेट भट्टतौताकडे घेऊन जाते. प्रतिभेच्या त्याच्या व्याख्येतील नवनवोन्मेष हा व्यक्तीच्या प्रज्ञेचा गुण आहे. परंतु संस्कृत साहित्यशास्त्र येथेच थांबत नाही. मम्मटाने काव्याच्या कारणांचा विचार करताना शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही तीन कारणे सांगितली. आणि ही तिन्ही सुटी नव्हेत, एकत्र आली म्हणजेच कारण होतात, हे दाखविण्यासाठी 'हेतू' हा शब्द मुद्दाम एकवचनात योजला. कान यांच्या तीन अटी आणि मम्मटाची तीन अंगे एकमेकांवर जशीच्या तशी बसत नाहीत. मात्र दोन्हींच्या रचनेत एक साम्य आहे : नवनिर्मितीचे कारण एक असले तरी ते घटित असते, आणि त्याचे एक अंग गळाले की उरलेली अंगे निष्फळ होतात. हे साम्य पुढील विवेचनात साधन म्हणून वापरले आहे.

३.

म्हैसूरचे सरकारी प्राच्य ग्रंथालय १८९१ मध्ये, दहावे चामराज वडेयर यांच्या कारकिर्दीत स्थापन झाले. राजवाड्याच्या पश्चिमेकडील, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त उभारलेल्या वास्तूत ते आहे. म्हैसूर विद्यापीठाची स्थापना १९१६ ची. त्याच वर्षी ग्रंथालय विद्यापीठाच्या कक्षेत आले, आणि १९४३ मध्ये त्यास प्राच्य संशोधन संस्था हे नाव मिळाले. म्हणजे विद्यापीठ होण्यापूर्वीची पंचवीस वर्षे हे ग्रंथालय विद्यापीठाचे काम करीत होते.

त्या काळातील प्रसिद्ध घटना म्हणजे कौटिलीय अर्थशास्त्राचा शोध. नावाने आणि उद्धरणांनी माहीत असलेला, पण संहितारूपाने लुप्त समजला गेलेला हा ग्रंथ रुद्रपट्टण शामशास्त्री यांच्या हाती आला. १९०५ मध्ये त्यांनी त्यातील काही भागाचे इंग्रजी भाषांतर 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. १९०९ मध्ये म्हैसूरच्या ग्रंथमालेत संपूर्ण संहिता आली, आणि १९१५ मध्ये संपूर्ण इंग्रजी भाषांतर. या भाषांतरास कर्नाटकाच्या प्राचीन राजवंशांचे इतिहासकार जे. एफ. फ्लीट यांची प्रस्तावनापर टिप्पणी आहे. प्राचीन भारतीयांना राज्यशास्त्रीय विचार नव्हता, हा तत्कालीन समज या एका ग्रंथाने मोडून काढला.

ही कथा बहुधा एका विद्वानाच्या भाग्ययोगाची कथा म्हणून सांगितली जाते. कामाच्या अंगाने पाहिल्यास ती निराळी दिसते. शामशास्त्री त्या वेळी ग्रंथपाल होते, प्राध्यापक नव्हते. पोथी नोंदविणे, तिचा आकार, लिपी व पानांची संख्या लिहून ती फडताळात ठेवणे हे त्यांचे काम. त्या कामाच्या कक्षेत पोथी *वाचणे* येत होते की नाही, हा कळीचा प्रश्न आहे. म्हैसूरच्या ग्रंथालयात ते येत होते. पोथ्यांचे संपादन व प्रकाशन हे त्या संस्थेच्या कामाचे अंगच होते. सूची करणारा आणि संपादन करणारा यांच्यात भिंत घातलेली नव्हती. एम. हिरियण्णा यांचे उदाहरण याच प्रकारचे आहे. १८९१ मध्ये तेही याच ग्रंथालयात ग्रंथपाल म्हणून रुजू झाले. पुढे महाराजा महाविद्यालयात अध्यापक झाले, आणि भारतीय तत्त्वज्ञानाची रूपरेषा मांडणारा त्यांचा १९३२ चा इंग्रजी ग्रंथ तसेच रसानुभवावरील त्यांचे निबंध आजही अभ्यासले जातात. ज्या कार्यालयात नोंद करणारा माणूस काही वर्षांनी रससिद्धान्ताचा भाष्यकार होऊ शकतो, त्या कार्यालयाच्या न बोललेल्या समजुती काही वेगळ्या असल्या पाहिजेत.

तुलनाकारांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. अर्थशास्त्राची ताडपत्रावरील पोथी ग्रंथ लिपीत होती, म्हणजे तमिळ प्रदेशात संस्कृतासाठी वापरल्या जाणाऱ्या लिपीत. वाचणारा कन्नडभाषक, संहिता छापली गेली ती देवनागरीत, आणि जगापुढे गेली ती इंग्रजीतून. एका ग्रंथाला चार उंबरठे ओलांडावे लागले, आणि हे सर्व एकाच कचेरीत घडले. अनेक भाषांत वावरणे हा ज्या नगरात रोजचा व्यवहार आहे, त्या नगराच्या कचेरीत लिप्यंतर हे विशेष कर्तृत्व न मानता नित्याचे काम मानले गेले असल्यास नवल नाही. येथे छावणीचा दुसरा अर्थ, म्हणजे सहवास, कामी आला.

४.

परंतु या कथेत एक रिकामी जागा आहे आणि ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही. ही पोथी आणि तिच्याबरोबर भट्टस्वामीच्या टीकेचा अंश ग्रंथालयास एका पंडिताने आणून दिला. शामशास्त्री यांच्या प्रस्तावनेत त्याची ओळख 'तंजावर जिल्ह्यातील पंडित' एवढीच आहे, नाव नाही. मराठी राजांनी जोपासलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयामुळे तंजावर आपल्या परिचयाचे आहे. त्या प्रदेशातील कोणा विद्वानाने ही पोथी सांभाळली, तिचे मोल ओळखले, आणि ती कोठे द्यावी याचाही विवेक केला. शोधाची पहिली पायरी त्याची आहे. तरीही ज्ञानाच्या इतिहासात तो अनामिक राहिला.

हा प्रश्न केवळ कृतज्ञतेचा नाही. संस्थेच्या रचनेचा आहे. कान यांची पहिली अट सार्थकतेची आहे. आपल्या श्रमाची नोंद आपल्या नावाने होणार नाही हे ज्यास ठाऊक आहे, त्याचे गुंतलेपण त्याच्या स्वतःच्या निष्ठेवर टिकते, संस्थेवर नाही. अशी निष्ठा असलेली माणसे निघतात, हे संस्थेचे दैव होय. संस्थेची संस्कृती म्हणता येणार नाही. म्हैसूरच्या ग्रंथालयाने आपल्या ग्रंथपालासाठी दार उघडे ठेवले. दाराबाहेरून पोथी घेऊन आलेल्या माणसासाठी मात्र नोंदवहीत रकाना नव्हता.

५.

ही उणीव भरून काढण्याचा अधिक जाणीवपूर्वक प्रयत्न पुण्यात झाला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना १९१७ ची. ते विद्यापीठ नव्हे. परंतु विद्यापीठांनी करावयाचे काम त्याने केले. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य १९१९ मध्ये आरंभले गेले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लाख रुपयांचे अभिवचन देऊन त्यास बळ दिले होते. १९२३ मध्ये ना. बा. उटगीकर यांनी संपादिलेले विराटपर्व प्रसिद्ध झाले ते कच्च्या, प्रायोगिक आवृत्तीच्या रूपात, विद्वानांचे अभिप्राय मागविण्यासाठी. काम अपुरे असताना ते जगापुढे ठेवणे आणि दोष दाखविण्याचे आवाहन करणे यास संस्थेच्या अंगी निर्भयता लागते. त्या टीकेचा लाभ पुढील कामास झाला. १९२५ मध्ये वि. सी. सुकथनकर प्रमुख संपादक झाले. केंब्रिजला गणित शिकलेल्या आणि बर्लिनला ल्यूडर्स यांच्या हाताखाली संहिताचिकित्सेत तयार झालेल्या या विद्वानाने कामाची घडी बसविली. १९२७ मध्ये आदिपर्वाचा पहिला खंडांश आला, आणि १९३३ मध्ये आदिपर्व पूर्ण झाले.

या कामाची रीत नवोन्मेषाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. प्रत्येक श्लोकासाठी स्वतंत्र कागद असे. त्यावर चौकटी आखून मूळ पाठाची अक्षरे लिहीत आणि प्रत्येक हस्तलिखितातील पाठभेद त्याखाली त्या त्या चौकटीत अक्षरशः नोंदवीत. देवनागरी, शारदा, बंगाली, तेलुगु, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्या वाचणारे शास्त्री या कामी लागले. दूरच्या पोथ्यांसाठी शांतिनिकेतन आणि तंजावर येथेही पाठनोंदीची सोय करण्यात आली. नोंद करणाऱ्यास पाठ सुधारण्याचा अधिकार नव्हता. उलट चुकीचे वाटणारे अक्षरही जसेच्या तसे उतरविणे हे त्याचे कर्तव्य होते. वरवर पाहता ही लष्करी शिस्त होय. परंतु येथे शिस्त आणि विचार यांचे वाटप निराळे होते. संपादकाची आवडनिवड नोंदीत शिरू नये म्हणून नोंद करणारा संपादकापासून स्वतंत्र ठेवला होता. म्हणजे श्रेणीत खालच्या असलेल्या माणसाच्या कागदाला वरच्या माणसाचे मत बदलण्याचे सामर्थ्य होते. गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची सर्वतोमुखी असलेली कथा मूळ संहितेतून निघून परिशिष्टात गेली ती कोणा एकाच्या धैर्यामुळे नव्हे, तर अशा कागदांच्या साक्षीमुळे. पुढे नेपाळात आदिपर्वाचे एक प्राचीन हस्तलिखित उपलब्ध झाले. त्याने संपादकांच्या अनेक निर्णयांना दुजोरा दिला, हे सुकथनकरांनी १९३९ च्या सुमारास दाखवून दिले.

सुकथनकर १९४३ मध्ये निवर्तले. काम थांबले नाही. श्री. कृ. बेलवलकर आणि त्यांच्यानंतर प. ल. वैद्य यांनी ते पुढे नेले, आणि १९६६ मध्ये १९ खंडांत ते पूर्ण झाले. सत्तेचाळीस वर्षे, तीन प्रमुख संपादक. कार्यसंस्कृतीची खरी कसोटी हीच : माणूस गेल्यावर रीत उरते काय?

६.

पुण्याचेच दुसरे उदाहरण डेक्कन कॉलेजचे. येथे सु. मं. कत्रे यांनी १९४८ मध्ये ऐतिहासिक तत्त्वांवरील संस्कृत शब्दकोशाचा प्रकल्प हाती घेतला. सुमारे १५०० ग्रंथांतून शब्द वेचून त्यांच्या चिठ्ठ्या करण्यात आल्या. त्यांची संख्या एक कोटीच्या घरात जाते. कोशाचा पहिला भाग १९७६ मध्ये आला, आणि काम अद्याप चालू आहे. त्याच कत्रे यांच्या पुढाकाराने १९५० च्या दशकात रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने भाषाविज्ञानाच्या शाळा भरल्या आणि आधुनिक भाषाविज्ञान भारतीय विद्यापीठांत रुजले. म्हैसूरच्या महाराजा महाविद्यालयात शिकलेले ए. के. रामानुजन १९५८ च्या सुमारास डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान शिकले. त्यांच्या पुढील भाषांतरकार्याचा पाया येथे पक्का झाला, हे तौलनिक साहित्याच्या अभ्यासकास सांगावयास नको. एकाच आवारात चिठ्ठ्या लिहिण्याचे संथ काम आणि नव्या शास्त्राचे उत्साही अध्यापन शेजारी शेजारी चालत होते. या दोहोंना परस्परविरोधी मानणे ही आजची चूक आहे.

म्हैसूर आणि महाराष्ट्र यांच्यातील या देवघेवीची परिणती अर्थशास्त्राच्याच बाबतीत दिसते. शामशास्त्री यांची संहिता मोजक्या साधनांवर उभी होती. पुढे मल्याळम लिपीतील हस्तलिखिते, त्रिवेंद्रम व लाहोर येथील आवृत्त्या आणि पाटणचा देवनागरी खंडित भाग यांचा उपयोग करून र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. संहिता १९६० मध्ये, भाषांतर १९६३ मध्ये आणि विवेचन १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या संपादकाचे अनेक पाठ तेथे बदलले. असा बदल हा पहिल्या कामाचा पराभव नव्हे, त्याची पूर्तता होय. ज्या संस्कृतीत आपले काम पुढील माणूस दुरुस्त करणार हे गृहीत असते, तेथेच काम लवकर आणि निर्भयपणे प्रसिद्ध होते.

७.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, शामशास्त्री वा सुकथनकर ही असामान्य माणसे. त्यांच्या यशाचे श्रेय कार्यालयाच्या रीतीस देणे अन्यायाचे आहे. यास मम्मटाचेच उत्तर आहे. शक्ती नसेल तर काव्य नाही हे खरे. पण केवळ शक्तीनेही काव्य नाही. ग्रंथपालास पोथी वाचण्याची मुभा नसती, तर त्याची असामान्यता फडताळासमोर उभी राहिली असती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दीर्घ मुदतीच्या प्रकल्पांत आळस, आप्तस्वकीयांची वर्णी आणि जबाबदारी टाळण्याची वृत्ती शिरते. म्हणून मोजमाप हवे. हे नाकारता येणार नाही. मात्र मोजमाप कशाचे, हा प्रश्न उरतो. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रमाणन परिषद १९९४ मध्ये स्थापन झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी अध्यापकांच्या कामास गुणांक लावले, आणि २०१८ च्या विनियमांत ती पद्धती बदलली. २०१६ पासून संस्थांची राष्ट्रीय क्रमवारी प्रसिद्ध होत आहे. या साऱ्या मोजमापांत निबंधांची संख्या येते. एका पोथीची विश्वसनीय नोंद, एका लिपीचे वाचन पुढील पिढीस शिकविणे, सहकाऱ्याची चूक प्रसिद्धीपूर्वी दाखवून देणे ही कामे त्यांत क्वचितच दिसतात. भांडारकर संस्थेनेही मोजमाप केलेच होते. ठरावीक अंतराने खंडांश प्रसिद्ध करणे हेच तिचे मोजमाप होते. आणि ते कामाच्या स्वरूपातून निघाले होते, बाहेरून लादलेले नव्हते.

मोजमापाहून खोल असा प्रश्न उपलब्धतेचा, म्हणजे कान यांच्या तिसऱ्या अटीचा आहे. महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर आणि कर्नाटकात अतिथी व्याख्याता म्हणून शिकविणाऱ्या तरुणांच्या हाती आज अध्यापनाचा मोठा वाटा आहे. पुढील वर्षी आपण येथे असू की नाही हे ज्यास ठाऊक नाही, त्याने दहा वर्षांच्या पाठनोंदीत मन गुंतवावे ही अपेक्षा नीतीला धरून नाही आणि व्यवहाराला धरूनही नाही. तो आपले मन राखून ठेवतो, आणि ते त्याचे शहाणपण असते. हानी संस्थेची होते. पण ती कोणत्याही अहवालात दिसत नाही, कारण न वाचली गेलेली पोथी आपली तक्रार नोंदवीत नाही.

८.

या विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. नोंद करणे आणि अर्थ लावणे यांच्यात भिंत घालू नये. ग्रंथपाल, सूचीकार आणि प्रकल्पसाहाय्यक यांना आपण हाताळलेल्या सामग्रीवर लिहिण्याचा हक्क व वेळ असावा. श्रमाची नोंद नावानिशी व्हावी, आणि ती संस्थेबाहेरून साह्य करणाऱ्यांचीही व्हावी. अपुरे काम सहकाऱ्यांपुढे व टीकाकारांपुढे ठेवण्याची रीत असावी. आणि दीर्घ मुदतीच्या कामासाठी दीर्घ मुदतीची माणसे नेमावीत.

तौलनिक साहित्याच्या विभागांना हे अधिक लागू आहे, कारण त्यांचे काम एकट्याने होण्यासारखे नाही. म्हैसूर विद्यापीठाचे दुसरे कुलगुरू ब्रजेंद्रनाथ सील हे तौलनिक अभ्यासाचे आद्य पुरस्कर्ते होते. तेथील मानसगंगोत्री परिसरात १९६९ मध्ये भारतीय भाषा संस्था स्थापन झाली, आणि तिचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात मराठी शिकविते. दुवे आहेत, परंतु करारनाम्यांनी आणि परिषदांनी दुवे जिवंत राहत नाहीत. ग्रंथ लिपी वाचणारा शास्त्री, कन्नड जाणणारा मराठी अभ्यासक आणि पोथी सांभाळणारा कर्मचारी एका टेबलाभोवती बसतात काय, आणि त्यांतील सर्वांत खालच्या वेतनश्रेणीच्या माणसाने 'हा पाठ चुकला आहे' असे म्हटल्यास काम थांबवून पोथी पुन्हा उघडली जाते काय, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून विद्यापीठाची नवोन्मेषक्षमता ओळखावी.